काढून ठेवलेल्या काचा

३ तारीख, मंगळवार

डॉक्टरांनी बजावलंय, "मनात येईल ते लगेच बोलून टाकू नका, लिहून काढा. रक्तदाब खाली येईल." मी म्हटलं, बोलायला माझ्याकडे माणसं आहेत, लिहायला वेळ नाही. तर आमचे हे मागून हळूच म्हणाले, "डॉक्टर, वही मी आणतो." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण इतकी घाई मी यांना कशाची कधी पाहिली नाही. तासाभरात वही हजर.

तर लिहिते. निवडणूक जाहीर झाली आहे आणि तेव्हापासून माझा एक पाय घरात, एक दुकानात. सकाळपासून दर्शनी काच तीनदा पुसली. यांनी विचारलं, "ती काच झिजवून पातळ करायची आहे का?" मी चौथ्यांदा फडका उचलला.

आमचं काचेचं दुकान. खिडक्यांची तावदानं, शोकेसच्या काचा, आरसे, तसबिरी. मागच्या निवडणुकीत बाजारपेठेतली एकही काच धड राहिली नव्हती. संचारबंदी उठल्यावर आमच्याकडे रांग लागली. महिनाभर यांना जेवायला फुरसत नव्हती आणि लोक चेष्टेने म्हणायचे, "तुमची तर दिवाळखोरी टळली बुवा!" मला ते हसू गळ्याखाली उतरायचं नाही. चौकातल्या पेपरवाल्याचा डोळा गेला तो काचेचाच तुकडा लागून, आणि ती काच यांनीच कापलेली होती. तेव्हापासून आमच्याकडे एक रीतच पडून गेली आहे. निवडणूक जवळ आली की दुकानदार सांगतात, आम्ही जाऊन त्यांच्या काचा अलगद काढून आणतो, जुन्या रजयांत गुंडाळून मागच्या खोलीत उभ्या करून ठेवतो, त्यांच्याकडे फळ्या ठोकतो. सगळं आटोपलं की काचा परत बसवायच्या. जी काच जागेवर नाही ती कोणाच्या डोळ्यात जात नाही, एवढं मला कळतं.

पण माझ्या घालमेलीचं खरं कारण काचा नाहीत. आमच्या लेकीला निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. शाळेत शिकवते म्हणून. मतदान केंद्रावर दिवसभर बसायचं. कुठल्या, ते आदल्या दिवशी कळणार. ती हे असं सांगत होती जणू सहलीला निघाली आहे.

५ तारीख, गुरुवार

आज तडक शिक्षण खात्याच्या कचेरीत गेले. लेकीला सांगितलं नाही. टेबलावरच्या माणसाला म्हटलं, माझी तब्येत बरी नसते, घरात दुसरं कोणी बघणारं नाही, तिची ड्यूटी रद्द करा. त्याने तिचं नाव शोधलं आणि गालात हसला. म्हणाला, "बाई, ज्यांना आम्ही लावली त्यांची रद्द करता येते. ज्यांनी स्वतःहून हात वर केला त्यांची कशी करणार?"

मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, तुमचा कारभार असा, माणसांची अदलाबदल करता, स्वतःहून हात वर करायला माझी मुलगी काय वेडी आहे? तो म्हणाला, "ते मला कसं माहीत असणार?" किती उद्धट माणसं भरतात हल्ली!

घरी आल्यावर लेकीला म्हटलं, तुमच्या कचेरीत काही ताळतंत्र नाही. ती वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, "हो गं आई, गोंधळच असतो तिथे."

९ तारीख, सोमवार

माणसांकडून काम होत नाही म्हटल्यावर देवाकडे गेले. मागच्या खोलीत, रजयांतल्या काचांच्या मधोमध सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या बायकांना सांगितलं, दुपारी दुकान बंद असतं तेव्हा रोज थोडा वेळ बसायचं. निवडणूक शांततेत पार पडावी म्हणून प्रार्थना. ज्याने त्याने आपापल्या देवाला सांगायचं, पण एका वेळी सांगायचं. इतके अर्ज एकदम गेले की वरती कोणाचं तरी लक्ष जाईल.

तिघी आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका बाई, दवाखान्यातल्या नर्सबाई आणि शेजारच्या ताई. ताई घरी बसून शर्टांना काज-बटणं करतात. पलीकडच्या कारखान्यातून गठ्ठे येतात. त्यांची आमची भिंत एकच, इकडे मी शिंकले तर तिकडे त्या "सुंठ घ्या वहिनी" म्हणतात.

पहिल्याच दिवशी भांडण. मुख्याध्यापिका बाईंना वाक्य हवं होतं, "निवडणूक शांततेत आणि न्यायाने पार पडू दे." नर्सबाई म्हणाल्या, "न्यायाने म्हणजे तुमचा माणूस निवडून येऊ दे, असंच ना?" बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मग मी मध्ये पडले. ठरवलं की ज्याचं त्याचं मत चपलांबरोबर दाराबाहेर ठेवायचं, दाराला आतून कडी लावायची, मनात काय मागितलं ते एकमेकींना विचारायचं नाही, आणि तोंडाने एकच वाक्य म्हणायचं, "सगळं शांततेत पार पडू दे." ताईंनी डोळे कधीच मिटले होते.

माझे काही मिटेनात. मिटले की समोर तावदानं दिसायची. औषधाच्या दुकानाची मोठी काच कोणाला घेऊन काढायची, फळ्या पुरतील का. प्रार्थना म्हणजे मनाला एका जागी बसवणं असेल, तर माझं मन शाळेतल्या वांड पोरासारखं आहे. आणि एक शंका लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून जाईल. मागच्या वेळीही कोणीतरी प्रार्थना केलीच असेल ना? पेपरवाल्याच्या आईने नसेल का केली?

१२ तारीख, गुरुवार

ताईंचा लांबू आला होता. पाळण्यात असल्यापासून त्याचे पाय बाहेर यायचे, तेव्हापासून त्याला सगळे लांबूच म्हणतात. लहानपणी आमच्या दुकानातच असायचा. आमच्या लेकीने आणि त्याने मिळून चेंडूने एक आरसा फोडला होता, तर हा यांच्यासमोर येऊन म्हणाला, "मी एकट्यानेच फोडला." आता पंचविशीचा झाला आहे. पक्षाच्या तरुण आघाडीत मोठा मान आहे म्हणे, मागेपुढे मोटारसायकली असतात.

म्हणाला, "काकू, आमच्या ऑफिसच्या काचा काढून ठेवायच्या आहेत. सगळ्या. आतल्या केबिनच्यासुद्धा."

मी म्हटलं, "अरे, तुमच्या ऑफिसावर कोण हात टाकणार? तुम्हाला तर सगळे वचकून असतात."

"असू दे काकू. नंतर कोण कुठून काय करेल, सांगता येतं का?"

किती पुढचं बघतो! मी यांना म्हटलं, राजकारणात गेला तरी डोकं ठिकाणावर आहे पोराचं. हे मोजपट्टी गुंडाळत होते. म्हणाले, "नंतर म्हणजे कशाच्या नंतर?" मी म्हटलं, मतदानाच्या नंतर, दुसरं कशाच्या? यांना कधी कधी साधं मराठी कळत नाही.

१३ तारीख, शुक्रवार

आज काही घडलं नाही आणि तरी मी दुकानाचं कुलूप चारदा तपासलं. प्रचाराच्या गाड्या गल्लीतून फिरतात तेव्हा मागच्या खोलीतल्या काचा रजयांच्या आतून बारीक आवाज करतात. प्रार्थनेच्या वेळी तो आवाज सुरू झाला की आम्ही चौघी जरा जोरात बोलतो. गाडी पुढे गेली की आपोआप आवाज खाली येतो. नर्सबाईंना आज हसू आलं, मग मलाही आलं. मुख्याध्यापिका बाई रागावल्या.

ताई हसल्या नाहीत. त्या हल्ली फार वाळल्या आहेत. विचारलं तर म्हणाल्या, कामाचा गठ्ठा मोठा आला आहे.

१६ तारीख, सोमवार

लांबू पुन्हा आला. एकटाच, पायी. बाहेरच्या बाकावर जरा वेळ बसला, यांच्याशी इकडचं तिकडचं बोलला. उठता उठता म्हणाला, "काकू, मोठ्या शाळेसमोरची ती बेकरी आहे ना, त्यांची पण काच काढून घ्या."

मी म्हटलं, "त्यांनी काही सांगितलं नाही बाबा. आणि ते किती लांब, आपल्या भागातही येत नाही."

"त्यांची काच मोठी आहे. बाहेर पोरं बसतात बिस्किटं खात." मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मी सांगितलं म्हणू नका. फक्त काढून घ्या."

बघा! त्या वस्तीत लांबूच्या पक्षाला कोणी मत देत नाही, साऱ्या शहराला ठाऊक आहे. तरी तिथल्या पोरांची याला काळजी. ताईंनी एकटीने वाढवला, नवरा गेल्यावर सुई-दोऱ्यावर शिकवला, ते संस्कार कुठे जातात?

१८ तारीख, बुधवार

बेकरीची काच काढली. फारच मोठी निघाली, हे आणि मी मिळून कशीबशी गाडीवर चढवली. बेकरीवाला आधी समजेचना. "मी तर सांगितलं नव्हतं." मी म्हटलं, "नसेल सांगितलं, पण भलं चिंतणारं कोणीतरी असतं." त्याने विचारलं, "कोण?" मी शब्द पाळला. म्हटलं, ते विचारू नका.

त्याने लगेच बायकोला हाक मारली. आम्ही फळ्या ठोकत होतो तोवर त्यांनी शटर ओढलं, पोरांना घेतलं आणि सासुरवाडीला जातो म्हणून निघालेसुद्धा! लोक किती घाबरट असतात. काच काढल्यावर आता भ्यायचं काय राहिलं?

दुपारी प्रार्थनेआधी ताई लवकर आल्या होत्या. बटणं लावत बसल्या होत्या. मला राहवलं नाही. त्यांच्या कानाशी लागून म्हटलं, "ताई, तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुमचंच लेकरू. त्याने आपण होऊन शाळेसमोरच्या बेकरीची काच काढायला सांगितली. परक्यांच्या पोरांसाठी! नशीबवान आहात."

वाटलं होतं, तोंडभरून हसतील. त्यांच्या बोटात सुई गेली. शर्टावर रक्ताचा डाग पडला, पांढराच शर्ट. मी पाणी आणायला धावले. परत आले तर त्या तशाच बसल्या होत्या, बोट धरून. म्हणाल्या, "काढली का काच?" म्हटलं, हो, काढली. "बरं झालं," म्हणाल्या, आणि ते "बरं झालं" त्यांनी तीनचारदा म्हटलं.

१९ तारीख, गुरुवार

भिंतीपलीकडे सकाळी वाद झाला. ताईंचा आवाज एरवी ऐकूच येत नाही, आज आला. शब्द कळले नाहीत. लांबूचा एकदाच चढला, "आई, तू यात पडू नकोस!" मग दार आपटलं.

मी लगेच गेले. टेबलावर ताट झाकून ठेवलेलं. ताई म्हणाल्या, "न जेवता गेला."

मी समजूत घातली. म्हटलं, पक्षाच्या ऑफिसात रोज खायला-प्यायला असतं, घरचं गोड लागेनासं होतं तरण्या मुलांना, निवडणूक झाली की येईल ठिकाणावर. यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि ताटावरचं झाकण पुन्हा नीट केलं. जेवणावरून इतकं मनाला लावून घ्यायचं म्हणजे जरा अतीच.

प्रार्थनेत आज त्यांचा आवाज फुटला नाही. ओठ नुसते हलत होते.

२१ तारीख, शनिवार

लेकीला आज केंद्र कळलं. मोठी शाळा! तीच, बेकरीसमोरची. माझा जीव भांड्यात पडला. दुसरं कुठलं असतं तर रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसता. इथे निदान समोरची ती अवाढव्य काच आपल्या मागच्या खोलीत आहे, रजईत. देव असा आधीच तजवीज करून ठेवतो आणि आपण उगाच शंका काढतो. लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "बेकरीची काच कोणी काढायला सांगितली?" मी म्हटलं, एका भल्या माणसाने. ती सामान भरायची थांबली. मग पुन्हा भरायला लागली. पाण्याची बाटली, शाल, मेणबत्त्या. जाताना मला मिठी मारली, जी ती कधी मारत नाही, आणि यांच्या पाया पडली.

दुपारी चौघी बसलो. कडी लावली. मी आनंदाने सगळ्यांना बातमी दिली. ताईंनी डोळे उघडले.

"मोठी शाळा? नक्की?"

"नक्की."

"खोली कुठली?"

"रस्त्याकडची पहिली, म्हणाली."

"आणि दार? एकच आहे का?"

मला हसू आलं. म्हटलं, "अहो ताई, तुम्हाला काय तिथे पडदे शिवायचे आहेत?" पण त्या उठल्या होत्या. वाक्य म्हणायचंच होतं अजून, अर्धवट सोडून कडी काढून गेल्या. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "हे बरोबर नाही." मलाही नाही वाटलं बरोबर. उद्या मतदान, आणि आज अशी मधेच मोडलेली प्रार्थना कशी फळणार?

२२ तारीख, रविवार. मतदान.

सकाळी. हे आणि मी लवकर मत देऊन आलो. रस्ते चिडीचूप. सगळीकडे फळ्या. आमच्या हातच्या फळ्या बघून इतर वेळी अभिमान वाटतो, आज शहर डोळे बांधून बसल्यासारखं वाटलं. ठरल्याप्रमाणे दिवसभर आळीपाळीने प्रार्थनेला बसायचं आहे. नर्सबाईंना दवाखान्यात थांबवून घेतलं. मुख्याध्यापिका बाई आल्या. ताईंच्या दाराला कुलूप!

दुपारी. ताईंचा अजून पत्ता नाही. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. जिथे गरज होती तिथे बरोबर गायब. इतके दिवस डोळे मिटून बसायच्या, मला वाटायचं, आपल्याला नाही जमत पण ही बाई खरी प्रार्थना करते. आज कळलं. मुख्याध्यापिका बाई बसल्या बसल्या झोपल्या. म्हणजे या शहराच्या शांततेसाठी जागी असलेली मी एकटी. मला बसवत नाही. सगळ्या काचांवरून हात फिरवून आले. बेकरीच्या काचेपाशी थांबले. ही इथे आहे, ही इथे आहे, असं स्वतःला सांगत राहिले. फोन लागत नाहीत.

संध्याकाळी. मतदान संपलं असणार. पूर्वेकडे धूर दिसतो आहे. हे म्हणतात कचरा जळत असेल. यांना खोटं बोलता येत नाही. माझ्याच्याने लिहवत नाही.

२३ तारीख, सोमवार

आली! सुखरूप आली. पेट्या जमा करून पहाटे सरकारी गाडीने सोडलं. धूर धान्यबाजाराकडचा होता. तिथे आणि नदीपलीकडे बरंच झालं म्हणतात. मोठ्या शाळेत काही नाही. मी तिच्या तोंडावरून हात फिरवला, हात तपासले, डोळे तपासले. ती म्हणाली, "आई, मी काच आहे का?"

चहा घेताना म्हणाली, "ताईकाकू कुठे आहेत?" मी म्हटलं, नाव काढू नकोस तिचं, काल दिवसभर प्रार्थनेला फिरकली नाही. तेव्हा लेक कप खाली ठेवून म्हणाली, "आई, त्या माझ्याकडे होत्या."

मला कळेचना. ती सांगायला लागली. सकाळी मतदान सुरू व्हायच्या आधीच ताई शाळेच्या फाटकाशी उभ्या होत्या. काज करायला बसतात ते लाकडी स्टूल घेऊन, एवढ्या लांब, पायी. तिथे त्यांचं मतही नाही. पोलीस म्हणाला आत बसता येणार नाही. तर ताई खोलीच्या बाहेर, दारात स्टूल टाकून बसल्या. गुडघे दुखतात, उठवत नाही, असं प्रत्येकाला सांगायच्या. उन्हात दिवसभर. मतदार त्यांना वळसा घालून आत जात होते. हातात सुई-दोरा, शर्ट.

दुपार कलल्यावर मोटारसायकली आल्या. बऱ्याच. हातात काठ्या आणि कसल्या कसल्या बाटल्या. सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट, काचा खाली. पोलीस एकटाच होता, तो भिंतीला चिकटला. मतदार पळाले. आत लेक आणि दोघे शिक्षक, पेटी घेऊन. पोरं फाटकातून आत आली आणि दारात ताई. उठल्या नाहीत. ओरडल्या नाहीत. पुढच्याला म्हणाल्या, "जेवलास का रे?"

लेक म्हणते, तो जागच्या जागी थांबला. मागून कोणीतरी ओरडलं, "म्हातारीला उचला!" तर हा वळला आणि त्याने ओरडणाऱ्याच्या हातातली बाटली काढून घेतली. पुन्हा ताईंनी विचारलं, "सकाळपासून काही पोटात गेलंय का?" मग तो चालत फाटकाबाहेर गेला. बाकीचे थोडा वेळ शिव्या देत उभे राहिले आणि त्याच्या मागे गेले.

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, ताई म्हणजे धन्य आहेत, गुंडांना जेवणाचं विचारतात. आणि मला जरा रागही आला. माझ्या मुलीपाशी जाऊन बसायचं होतं तर मला का नाही सांगितलं? मी नसते का आले स्टूल घेऊन?

"तो पुढचा कसा होता गं?" मी विचारलं.

"हेल्मेट होतं," लेक म्हणाली. "मला काही दिसलं नाही." मग म्हणाली, "गाडीवर मावत नव्हता." आणि उठून अंघोळीला गेली.

उंच माणसं जगात काय कमी आहेत?

२५ तारीख, बुधवार

काचा परत बसवायला सुरुवात केली. औषधाचं दुकान, चष्मेवाला. दुपारी बेकरीची काच नेली. बेकरीवाला सासुरवाडीहून परत आला आहे. हे एका टोकाला, मी दुसऱ्या. काच उचलून धरली होती, तेवढ्यात तो म्हणाला, "वहिनी, आता तरी सांगा. माझी काच काढायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

मी म्हटलं, "कशाला हवं आहे तुम्हाला?"

तो म्हणाला, "मला त्याच्या पाया पडायचं आहे की त्याची मान धरायची आहे, तेच ठरत नाही. वहिनी, इथे काय होणार आहे ते त्याला माहीत होतं. माझ्या डोक्यात त्याच दिवशी प्रकाश पडला, म्हणून तर पोरांना घेऊन पळालो. तुमच्या नाही आलं लक्षात?"

काचेतून मला पलीकडे यांचा चेहरा दिसत होता. हे कधी घाबरत नाहीत. इतक्या वर्षांत यांच्या हातून कडेला धरलेली काच सुटल्याचं मला आठवत नाही. आज सुटली. पूर्ण नाही, पण कोपरा फरशीवर टेकला आणि तडा वरपर्यंत गेला.

आमच्या लक्षात नाही आलं. मला काच दिसली, काचेपलीकडचं दिसलं नाही. बेकरीसमोर काय आहे, हे मी एकदाही स्वतःला विचारलं नाही. मुलीला तिथे पाठवून मी सुटकेचा श्वास टाकला होता. आणि ताईंना मी ते स्वतः सांगितलं, कानात, कौतुकाने. त्यांच्या बोटात सुई गेली ती का गेली, ते आज कळलं. माझ्या पोरीसाठी ती बाई स्वतःच्या पोराच्या वाटेत बसली.

या निवडणुकीत मोठ्या शाळेच्या रस्त्यावर फुटलेली काच एकच, तीही आमच्याच हातून.

लेकीला संध्याकाळी म्हटलं, "तुला माहीत होतं." ती म्हणाली, "हो." मग म्हणाली, "आणि ड्यूटी मी मागून घेतली होती. ते पण आता लिहून ठेव." मला रागावायचं होतं. रडूच आलं.

२८ तारीख, शनिवार

निकाल लागला. कोण आलं ते या वहीत लिहिणार नाही, आमचा तसा नियम आहे. गल्लीत पेढे वाटले काहींनी, काहींनी दारं लावली. प्रार्थना संपली म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी सतरंजी झटकून परत दिली.

लांबू मतदानाच्या दिवसापासून घरी आलेला नाही. पक्षाची पोरं दोनदा ताईंच्या दाराशी येऊन विचारून गेली, त्यांचे आवाज चांगले नव्हते. कोणी म्हणतं तो दुसऱ्या शहरात आहे, कोणी म्हणतं सीमेपलीकडे. ताईंना निरोप नाही.

दुपारी मी त्यांच्याकडे गेले. मी माझ्याकडून काय काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. वाट म्हणजे पाच पावलं, पण जुळवलं होतं. दारातून पाहिलं तर त्या काजं करत होत्या आणि टेबलावर ताट झाकून ठेवलेलं. जुळवलेलं सगळं विसरले. डॉक्टरांना सांगायला हवं, मनात आलेलं आज तोंडाने बोलताच आलं नाही.

म्हटलं, "चला ताई. सतरंजी टाकली आहे."

"आता कशाला, वहिनी? पार पडली ना निवडणूक."

"माझं मागणं राहिलंय थोडं."

त्या आल्या. मागची खोली आता जवळपास रिकामी आहे. रजया घडी घालून ठेवल्या आहेत, लांबूच्या ऑफिसच्या काचा तेवढ्या भिंतीला उभ्या आहेत. न्यायला कोणी आलेलं नाही. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवून बसल्या. त्या सवयीने कडी लावायला हात पुढे करत होत्या, मी म्हटलं, राहू द्या, दार उघडंच राहू द्या.

डोळे मिटले. पहिल्यांदाच एकही तावदान दिसलं नाही. एक लांबडा पोरगा दिसला, आरशाच्या तुकड्यांत उभा, मी एकट्यानेच फोडला म्हणणारा. मी म्हटलं, देवा, तो कुठेही असो, तिथे कोणीतरी त्याला विचारू दे, जेवलास का.

डोळे उघडले तेव्हा ताईंनी मिटलेच नव्हते. त्या दाराकडे बघत होत्या.